सनद कोणाच्या हाती?



'होमरूल' हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १९१६ साली लोकमान्यांनी होमरूल लीग काढली, तेव्हापासून तो आपल्या घराघरांत पोहोचला आहे. परंतु आज आम्ही ज्या होमरूलविषयी बोलणार आहोत, तो परक्या साम्राज्याकडून मिळवावयाचा नव्हे. अमेरिकेतील शहरांनी व जिल्ह्यांनी तो आपापल्या राज्यांकडून मिळवला. आपल्या कारभाराचा सांगाडा कसा असावा, सभासद किती असावेत, मुख्य कारभारी नेमावा की निवडावा, हे रहिवाशांनी स्वतःच्या मताने ठरवावयाचे आणि एका सनदेत लिहून ठेवावयाचे, असा त्याचा अर्थ आहे.

हा हक्क सुखासुखी मिळाला नाही. १८६८ साली आयोवा राज्याचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी दंडकच घालून दिला की, नगरपालिका ही राज्याच्या कायदेमंडळाची निर्मिती. त्याने दिले तेवढेच तिचे अधिकार. या दंडकाला पहिला छेद मिसुरी राज्याच्या १८७५ च्या घटनेने दिला. त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हा योगायोग या व्यासपीठावरून सांगताना आम्हांस आनंद वाटतो. पुढे १९११ साली कॅलिफोर्नियाने 'कौंटी'लाही, म्हणजे ढोबळ मानाने जिल्ह्यालाही, हा अधिकार दिला आणि १९१२ साली लॉस अँजेलिस कौंटीच्या मतदारांनी आपली सनद मंजूर केली. संबंध देशात कौंटीची ही पहिलीच सनद.

या कौंटीचा कारभार पाच निवडलेल्या पर्यवेक्षकांचे मंडळ पाहते. नियम करणारे तेच आणि त्यांचा अंमल करवून घेणारेही तेच. तुरुंग, सार्वजनिक इस्पितळे, समाजकल्याण, हे सारे त्यांच्याकडे. शिवाय जे दहा लाखांहून अधिक लोक कोणत्याच शहराच्या हद्दीत मोडत नाहीत, त्यांचे रस्ते नि गटारेही त्यांच्याचकडे. १९१० साली येथील वस्ती सुमारे पाच लाख होती. म्हणजे एका पर्यवेक्षकामागे एक लाख माणसे. आज वस्ती सुमारे एक कोटी आहे. खुर्च्या मात्र पाचच राहिल्या आणि एकेकाच्या पदरी वीस लाख माणसे आली. वीस लाखांतला एखादा आपले गाऱ्हाणे घेऊन निघाला, तर त्याने कोणाचा दरवाजा ठोठवावा?

संख्या थोडी असली म्हणजे अन्यायही सोपा होतो. मतदारसंघ असे आखले होते की, लॅटिनो वंशाच्या लोकांची मते विभागली जावीत. १९९० साली न्यायालयाने ती आखणी बेकायदा ठरवली आणि १९९१ साली ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. विसाव्या शतकात या मंडळावर बसलेली त्या वंशाची ही पहिली व्यक्ती. तथापि सभासद वाढविण्याचा ठराव मतदारांनी १९९२ व २००० सालीही फेटाळला. अधिक पुढारी म्हणजे अधिक खर्च, ही धास्ती तेथेही आहेच.

अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मेझर जी' हा ठराव मतपत्रिकेवर आला. पाचांचे नऊ सभासद करावेत, मुख्य कारभारी लोकांनी थेट निवडावा, आणि वर्तनावर देखरेख ठेवणारे एक मंडळ नेमावे, अशी त्यात योजना होती. मंडळातच दोन तट पडले. जॅनिस हान व लिंडसी होर्वाथ पुरस्कर्त्या. हॉली मिचेल व कॅथरिन बार्गर विरोधात. एका माणसाच्या हाती एवढी सत्ता द्यावी काय, आणि ती एवढ्या घाईने द्यावी काय, हा विरोधकांचा सवाल पोकळ नव्हता. निम्म्याहून थोड्याच अधिक मतांनी ठराव संमत झाला. थेट कारभाऱ्याची निवडणूक २०२८ साली आणि नऊ सभासदांचे मंडळ २०३२ साली, असे ठरले.

येथपर्यंतची कथा विजयाची. पण खरा धडा पुढेच आहे. २०२० साली याच मतदारांनी 'मेझर जे' संमत केले होते. कौंटीच्या स्वतःच्या मुक्त उत्पन्नाचा निदान दहावा हिस्सा वंचित वस्त्यांच्या उभारणीसाठी व तुरुंगाला पर्याय देणाऱ्या कामांसाठी राखावा, असे ते कलम. २०२१ साली खालच्या न्यायालयाने ते रद्द केले, २०२३ साली वरच्या न्यायालयाने पुन्हा उभे केले. पण या धावपळीत ते सनदेच्या प्रतीत उतरवावयाचेच राहून गेले! त्या अपुऱ्या प्रतीवरून २०२४ चा मसुदा लिहिला गेला. आणि जुलै २०२५ मध्ये उघडकीस आले की, नव्या दुरुस्तीने २०२८ साली ते कलम पुसले जाणार. मतदारांनी एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले, तेही नकळत. कोणाचा कट नव्हता. एका कारकुनी कामाची हेळसांड होती. मंडळाला चूक मान्य करून उपाय शोधीत बसावे लागले.

यातून आम्ही काय घ्यावे? आपल्याकडे गावाला सनद नाही. नगराध्यक्ष थेट निवडावा की नगरसेवकांतून, हा प्रश्न २०१६, २०२० आणि २०२२ साली तीनदा फिरला. तिन्ही वेळा मुंबईत फिरला, गावाला कोणी विचारले नाही. म्हणून लॉस अँजेलिसच्या मतदाराचा आम्हांस हेवा वाटतो. परंतु मत देणे हा अर्धाच अधिकार आहे. आपण काय बदलतो आहोत, जुने काय जाते आहे, आणि ठरलेले नीट लिहून ठेवले की नाही, हे पाहणे हा दुसरा अर्धा. तो कोणत्याही सरकारकडून मागावा लागत नाही. नगरपालिकेचा ठराव वाचायला मागणारा एक नागरिक प्रत्येक वॉर्डात निघाला, तरी आमचे आजचे बोलणे सार्थकी लागेल.