शेताची माहिती कोणाच्या हाती?
(वार्षिक संमेलनात, बुधवार पेठ, पुणे येथे केलेले भाषण)



बुधवार पेठेत बसून शेतीविषयी काय बोलावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु आपणांपैकी अनेकांची नावे अद्याप गावच्या सातबाऱ्यावर आहेत; नांगर चुलतभावाच्या हाती असला तरी खातेदार आपणही आहोतच.

12 मे 1875 रोजी आपल्याच जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख खतपत्रांवर होता. ती मिळताच त्यांनी जाळली. आपल्याविषयी काय लिहून ठेविले आहे हे ज्यांना वाचताही येत नव्हते, त्यांचा तो संताप होता. पुढे 1879 च्या कायद्याने शेतकऱ्यास पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला.

आजची खतपत्रे कागदावर नाहीत. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठवितो. त्याबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. (भूगोल शिकविताना हे शब्द बांधापर्यंत जातील असे आम्हांस कधी वाटले नव्हते.) त्यानंतर ॲग्रिस्टॅक योजनेतील शेतकरी ओळख क्रमांक आला. त्यात आधार व जमिनीचा तपशील एकत्र जोडला जातो आणि 15 एप्रिल 2025 पासून राज्याच्या कृषियोजनांसाठी तो आवश्यक झाला. त्याने हेलपाटे वाचतात, हे आम्ही मान्य करतो.

सातबारा कोणीही पाहू शकतो, त्यावर बँकेचा बोजाही दिसतो. मग लपविण्यासारखे उरले काय? असे सुशिक्षित लोकही विचारतात. कांदा किती एकर, काढणी केव्हा, कर्ज किती, हे सारे ज्याच्यापुढे एकत्र येते, तो भाव ठरविताना शेतकऱ्याची निकड ओळखून असतो. आमच्या भावकीतील एकाने फुकट पीकसल्ल्यासाठी एका कंपनीस आपला तपशील दिला. पंधरवड्यात औषधविक्रेत्यांचे व कर्ज देऊ पाहणाऱ्यांचे फोन सुरू झाले. त्याचे पीक व क्षेत्र त्यांना तोंडपाठ होते!

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अशा कंपनीने हेतू सांगून संमती घ्यावयाची आहे. संमतीचा मजकूर मराठीतून मागता येतो आणि दिलेली संमती परतही घेता येते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले; मुख्य तरतुदींस मात्र 18 महिन्यांची मुदत दिली आहे. शिवाय अनुदाने व लाभ देताना सरकारला दर वेळी वेगळी संमती घ्यावी लागत नाही. ही पळवाट आम्हांस फार रुंद वाटते.

गावी ज्यांचा ओळख क्रमांक काढला गेला आहे, त्यांनी तो कोणाच्या भ्रमणध्वनीशी जोडला आहे, एवढे या दिवाळीत अवश्य विचारून यावे. नोंद करणाऱ्यानेच घाईत स्वतःचा क्रमांक घातल्याचे आम्ही पाहिले आहे.