‘मी’ची कविता : वर्गात न शिकविलेला एक धडा

(सुवर्णमहोत्सवी समारंभात शिक्षक व पालकांसमोर केलेले भाषण)



शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी शिक्षक नाही आणि कवी तर नाहीच. बी.कॉम. झालो आणि कापडाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत. तरीही मी आज कवितेचाच विषय निवडला आहे. विद्यार्थ्याने वर्गात बसून स्वतःविषयी लिहावयाची कविता, हा तो विषय होय. हा धडा शाळेत शिकविला जात नाही आणि त्याची उणीव पुढे आयुष्यभर जाणवते.

आपण सर्वांनी शाळेत निबंध लिहिले आहेत. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, नदीचे मनोगत, एका रुपयाची आत्मकथा, पूरग्रस्ताची कैफियत! दहा गुणांसाठी आपण पुस्तक झालो, नदी झालो, रुपयाही झालो. मार्गदर्शकातून पाठ करून ते आत्मवृत्त उत्तरपत्रिकेत उतरविले. परंतु ‘बाळ, तू कोण आहेस? तुला काय आवडते? तुला कशाची भीती वाटते?’ असा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेने आपल्याला विचारला नाही. परिणाम असा की, दुकानात कामाला येणाऱ्या तरुणाला ‘स्वतःबद्दल काही सांगा’ म्हटले, की तो टक्केवारी सांगतो आणि गप्प होतो. आपल्या समाजात माणूस स्वतःचे वर्णन लिहितो, ते बहुधा एकदाच, विवाहाच्या बायोडाटात; आणि तेही वडीलधारी मंडळी लिहून देतात. उंची, शिक्षण, उत्पन्न, गोत्र. त्यात माणूस कोठे असतो?

ही गोष्ट उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आपल्या तीन गावांत अधिक महत्त्वाची आहे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसविण्यात आली. त्यापूर्वी तो कल्याणचा लष्करी कॅम्प होता आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव तेथे येऊन राहिले होते. त्यांना ‘निर्वासित’ हे नाव इतरांनी दिले. ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ हे पत्तेही इतरांनीच दिले आणि ते आजही आपल्या तोंडी आहेत. आपण कोण आहोत हे आपण सांगितले नाही, की दुसरा सांगतो. तेही एका शब्दात किंवा एका आकड्यात. आज येथील एकाच वर्गात सिंधी, मराठी, गुजराती, मारवाडी आणि हिंदी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. डब्यातील भाजी ती एकमेकांना देतात. परंतु एकमेकांच्या घराची ओळख त्यांना कितपत असते?

कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. त्यांच्याकडे असे प्रयोग झाले, हे खरे. केनेथ कोक नावाच्या अमेरिकन कवीने न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेत लहान मुलांकडून कविता लिहवून घेतल्या आणि १९७० साली त्यावर पुस्तक लिहिले. ‘पूर्वी मी असा होतो, आता असा आहे’ एवढाच सांगाडा द्यावयाचा आणि पुढचे मुलाने भरावयाचे, अशी त्यांची एक रीत होती. परंतु स्वतःविषयी पद्यात लिहिणे आपल्याला मुळीच परके नाही. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी स्वतःची नाममुद्रा घातली. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी तर आपले जीवनच अभंगांतून निवेदन केले.

आणि सर्वांत जवळचे उदाहरण एका जैन व्यापाऱ्याचेच आहे. कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ साली जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. त्यांचे ‘समयसार नाटक’ आपल्यापैकी अनेकांच्या स्वाध्यायात असेल. १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आग्रा येथे त्यांनी ‘अर्धकथानक’ हे ६७५ पद्यांचे आत्मचरित्र पूर्ण केले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून, ही निम्मी कथा म्हणून ‘अर्धकथानक’. भारतीय भाषांतील पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

त्यात काय आहे? जवाहीर, तूप, तेल आणि कापड घेऊन व्यापारासाठी आग्र्याला जाणे आणि तेथे तोटा खाणे. खिसा रिकामा असताना कित्येक महिने कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवणे. कोवळ्या वयात रचलेला शृंगाराचा ग्रंथ गोमती नदीत बुडविणे. तीन विवाह, नऊ अपत्ये आणि नवांचाही मृत्यू. शेवटी त्यांनी आपले गुण सांगितले आणि लगेच आपले दोषही सांगितले. लोभ सुटत नाही, थट्टामस्करी आवडते, एकांतात असलो की नाचावेसे वाटते! आपल्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर जमा आणि नावे, दोन्ही बाजू त्यांनी लिहिल्या. एकाच बाजूची खतावणी आपण मुनिमाकडून घेऊ का? म्हणून ‘अशा कवितेने मुलांचा अहंकार वाढेल’ ही शंका मला पटत नाही. प्रतिक्रमणात आपण जी आलोचना करतो, तिची पहिली पायरी स्वतःकडे पाहणे हीच आहे.

दुसरी शंका ही की, गणित-विज्ञान सोडून कविता काय कामाची? ही शंकाही जुनी आहे. फार शिकणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानावर बसावे, असे बनारसीदासांनाही वडीलधाऱ्यांनी बजावले होते. ज्यांनी हा उपदेश केला त्यांची आठवण आज आपल्याला बनारसीदासांच्या कवितेमुळेच आहे.

आता प्रत्यक्ष वर्गातील रीत. सहावी ते नववीच्या वर्गात दोन तासिका पुरेशा आहेत. शिक्षकांनी फळ्यावर सात-आठ ओळींच्या सुरुवाती द्याव्यात : माझे नाव, मला आवडते, मला भीती वाटते, माझ्या घरात ऐकू येते, पूर्वी मी, आता मी. यमकाची सक्ती नसावी. यमक जुळविण्याच्या नादात मुले खोटे लिहितात. नमुना म्हणून मीच काही ओळी जुळविल्या आहेत. त्या कोणा विद्यार्थ्याच्या नाहीत, हे आधीच सांगतो.

माझे नाव घरी एक, हजेरीत दुसरे.
मला उल्हास नदी आवडते,
पाणी पुलाला टेकेपर्यंत.
मला नापास होण्याची भीती नाही;
ते घरी सांगितल्यावर पसरणाऱ्या शांततेची आहे.
आईकडून सिंधी घेतली, गल्लीतून हिंदी, शाळेतून मराठी.
स्वप्न कोणत्या भाषेत पडते, ते अजून पाहिले नाही.

या कामी चार पथ्ये मला आवश्यक वाटतात.

पहिले पथ्य आडनावाचे. अमेरिकेतील शाळांत अशा कवितेचा एक साचा रूढ आहे. त्याची पहिली ओळ मुलाचे नाव आणि शेवटची ओळ आडनाव असते. आपल्या देशात आडनावाबरोबर जातही वाचली जाते. म्हणून ती ओळ गाळावी. ‘अमक्याचा मुलगा’ या ओळीऐवजी ‘मला वाढविणारी माणसे’ अशी ओळ द्यावी. प्रत्येक घरात आई-वडील दोघे असतातच असे नाही.

दुसरे पथ्य भाषेचे. घरचा शब्द आला तर तो खोडू नये. ज्या मुलाला लिहिणे जड जाते, त्याने बोलावे आणि शिक्षकांनी लिहून घ्यावे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, म्हणून पुत्र सोपानदेवांच्या प्रयत्नाने आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली त्या महाराष्ट्राला मिळाल्या. टिपणारा हात नसता, तर त्या शेतातच विरून गेल्या असत्या.

तिसरे पथ्य गुणांचे. या वहीवर लाल शाई नको, गुण नकोत, पहिला-दुसरा क्रमांकही नको. मोठ्याने वाचावयाचे की नाही, हे मुलाने ठरवावे. मुलाला भय व दडपण यांपासून मुक्त ठेवावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमातच म्हटले आहे. आणि शिक्षकांनी स्वतःची कविता आधी लिहून वाचून दाखवावी. ज्याने स्वतःची गाठ सोडली नाही, त्याने दुसऱ्याची सोडावयास सांगू नये.

चौथे पथ्य सर्वांत गंभीर आहे. मूल जे तोंडाने सांगू शकत नाही, ते कधी कधी कागदावर लिहून जाते. एखाद्या ओळीत घरातील मारहाण असेल, उपासमार असेल, याहूनही भयंकर काही असेल. अशा वेळी ‘छान लिहिलेस’ म्हणून वही मिटविणे हा अपराध आहे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. शाळेच्या प्रतिष्ठेपेक्षा आणि घराण्याच्या अब्रूपेक्षा त्या मुलाची ओळ मोठी मानावी. हे मानण्याची तयारी नसेल, तर मुलांना असे लिहावयास सांगूच नये.

आपल्यासारख्या संस्था विद्यार्थ्यांना वह्या देतात, गुणवंतांचा सत्कार करतात. ते पुण्यकर्म चालू राहावेच. माझी विश्वस्तांना नम्र विनंती एवढीच, की यंदापासून प्रत्येक विद्यार्थ्याला एक कोरी वही अधिक द्यावी. ती तपासली जाणार नाही, परत घेतली जाणार नाही, आणि तिच्या मुखपृष्ठावर दात्याचे नाव छापले जाणार नाही. तेथे फक्त त्या मुलाचे नाव असेल. पहिल्या वर्षीच्या वह्यांचा खर्च मी आनंदाने उचलीन. तिन्ही गावांतील ज्या शिक्षकांना हा उपक्रम करून पाहावयाचा असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर कार्यालयात आपली नावे द्यावीत.