मचाण कोणी बांधले?



या व्यासपीठावर माझ्याकडून बोनस आणि कंत्राटी कामगार याच विषयांची अपेक्षा असते. यंदा मी 'हरणांच्या शिकारीचे मचाण' हा विषय कळवला, तेव्हा चिटणीसांनी विचारले, "युनियनवाल्यांचा शिकारीशी काय संबंध?" संबंध कामाचा आहे. बंदूक झाडायला क्षण पुरतो. पण त्याआधीचे काम कोणी केले, हे मला विचारावेसे वाटते.

माझे वडील खेड तालुक्यातले, भामेच्या काठचे. लहानपणी ते शिकारी साहेबांसाठी हाके घालायला जात. त्यांच्याकडून ऐकलेले सांगतो. आधी पाणवठा गाठायचा, खुरांचे माग आणि लेंड्या पाहून जनावरांची वाट हेरायची. मग वारा पाहायचा. सांबर, भेकर सहसा वर पाहत नाही, पण माणसाचा वास त्याला लगेच लागतो. म्हणून वारा जनावराकडून मचाणाकडे वाहणारा हवा. जाड फांद्यांच्या बेचक्यात, दोन पुरुष उंचीवर, बाज सुंभाने आवळून बांधायची आणि डहाळ्यांनी झाकायची. समोरची झुडपे छाटून गोळीला वाट करायची. चाटण म्हणून मीठ टाकायचे. कुठे कुठे वाळले गवत पेटवून देत, कारण जळल्या जागी कोवळे अंकुर फुटले की हरणे चरायला येतात. हे सगळे आधी उरकायचे, म्हणजे माणसांचा वास उडून जातो. शिकारीच्या दिवशी डबे बडवीत रान हाकायचे. एवढ्या कष्टाचे वडिलांना एकदा चार आणे मिळाले, एकदा नुसता विडीचा कट्टा. फोटोत सांबराचे शिंग धरून साहेब उभे. हाकेवाला एकही नाही.

पुढे काळ बदलला. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये झाले. कोल्हापूरकर महाराजांचे शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळविटांसाठी रेहेकुरी आणि चिंकारांसाठी सुप्याचे मयूरेश्वर ही अभयारण्ये त्यानंतरची, अनुक्रमे १९८० आणि १९९७ सालची.

मंडळी, या १९७२ च्या कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपण जरूर वाचा. मारणे ही तर शिकार आहेच. पण जनावर हाकणे, त्याला आमिष दाखवणे, तसा प्रयत्न करणे, हीसुद्धा शिकारच. म्हणजे फोटोत ज्याला जागा नव्हती, त्या हाकेवाल्याला कायद्याने मात्र आठवणीने जागा दिली! काळवीट किंवा चिंकारा मारल्यास किमान तीन वर्षे, आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे मी जुन्या गोष्टींसाठी सांगत नाही. मागच्या उन्हाळ्यात बारामतीकडचा एक तरुण माझ्याकडे आला. चाकणच्या एका कारखान्यातले त्याचे कंत्राट संपले होते. माळरानात मीठ टाकून झाडावर फळ्या बांधून द्यायच्या, एवढ्या कामाचे दोन हजार रुपये त्याला कोणी देऊ केले होते. मी म्हणालो, "अरे, पाहुणे मोटारीतून निघून जातील. फळ्यांवर बोटांचे ठसे तुझेच राहतील." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, पटलं. पण या महिन्याचं भाडं कोण देणार?" याला माझ्याजवळ कायद्यातले उत्तर नव्हते. आम्ही चौघांनी वर्गणी काढून भाडे दिले, आणि त्याने ते काम नाकारले. ज्यांना हरणे वाचवायची आहेत, त्यांनी या भाड्याचाही विचार करावा, एवढेच माझे म्हणणे.

बरे, ती विद्या वाया गेलेली नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवर मचाणे बांधते आणि हौशी मंडळी चांदण्यात जनावरे मोजतात. पाणवठा तोच, वाऱ्याचा हिशेब तोच. हातात फक्त वही असते. उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात, कुरणे राखावी लागतात. हे काम जाणणारे हात आपल्याच गावांत आहेत.

आपल्यापैकी कोणी त्या रात्री मचाणावर बसलात, तर हरणे अवश्य मोजा. सकाळी खाली उतरल्यावर मात्र ते मचाण बांधणाऱ्या मजुराला विचारा, "बाबा, तुझी मजुरी मिळाली का?" माझ्या वडिलांना तो प्रश्न कोणी विचारला नाही.