अठरा तासांची उजळणी

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेले भाषण)



डॉक्टर या नात्याने मला आपल्या पालकांकडून वारंवार एक प्रश्न विचारला जातो : "मुलाने रात्रभर जागून पाठ केलेले आठवड्यात विसरते, स्मरणशक्तीसाठी एखादे टॉनिक आहे का?" असे टॉनिक माझ्यापाशी नाही. परंतु विसरण्यावर एक उपाय निश्चित आहे आणि त्याला पैसा लागत नाही. आज त्याविषयी बोलावे असे योजिले आहे.

प्रारंभी स्वतःची चूक सांगतो. सिंगापूरच्या शाळांत मातृभाषा म्हणून तमिळ, तसेच हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती व उर्दू या भारतीय भाषा घेता येतात. मराठीला तेथे स्थान नाही. त्यामुळे माझ्या कन्येची मराठी सर्वस्वी घरावर अवलंबून होती, आणि घरी आम्ही दोघेही नोकरीत. डिसेंबरच्या सुटीत नागपूरला जावयाचे, म्हणून आधीचे पंधरा दिवस मी तिला रोज दोन तास बसवून बाराखडी व शब्द घोकून घेत असे. पहिल्या वर्षी तिने आजीला पोस्टकार्ड वाचून दाखविले; इंदोऱ्याच्या आमच्या घरात कौतुकाला सीमा राहिली नाही. दुसऱ्या वर्षी कामाच्या धांदलीत ते पंधरा दिवस हुकले. आजीने पत्र पुढे केले आणि मुलगी गप्प राहिली. आई एवढेच म्हणाली, "मागच्या साली त वाचलं होतं ना बाई तू?" माझी आई प्रौढपणी अक्षर ओळखावयास शिकली होती. त्या पत्रातील प्रत्येक ओळ तिने कष्टाने लिहिली होती. मुलीची मान खाली गेली. खरे पाहता ती माझी जावयास हवी होती. पंधरा दिवसांत तीस तास शिकविणारा आणि पुढे अकरा महिने त्या पुस्तकाकडे न पाहणारा मीच होतो.

असे का घडते, याचा शास्त्रशुद्ध शोध प्रथम जर्मनीचे हेर्मान एबिंगहाउस यांनी घेतला. निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून त्यांनी विसरण्याचे मोजमाप केले व १८८५ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. आदल्या एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो लाभ होई, तोच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांनी होई. दुसरे असे की, पूर्णतः विसरल्यासारखे वाटणारे पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी श्रम पडत. म्हणजे विसरलेले सर्वस्वी नाहीसे झालेले नसते. त्यावर धूळ बसलेली असते. आपल्या भाषेत यासाठी किती समर्पक शब्द आहे पाहा : उजळणी. काळवंडलेले भांडे घासून उजळावे, तशी विद्या पुन्हा पुन्हा उजळावी लागते.

याचे कारण मेंदूच्या घडणीत आहे. एरिक कँडेल यांना स्मृतिविषयक संशोधनासाठी २००० साली नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. त्यांनी समुद्री गोगलगायीवर प्रयोग केले. निरुपद्रवी स्पर्शाला दचकू नये, हे तिला सलग चाळीस स्पर्शांनी एका दिवसात शिकविले, तर ते जेमतेम दिवसभर टिके. तेच चाळीस स्पर्श रोज दहा असे चार दिवसांत विभागले, तर ते कित्येक आठवडे टिके. दीर्घकालीन स्मृतीसाठी मज्जापेशींना नवी प्रथिने तयार करून आपल्या जोडण्यांत बदल करावे लागतात, आणि या कामाला वेळ लागतो. मधल्या काळातील झोपही स्मृती पक्की करण्याचे काम करते. गिलाव्याचा एक थर सुकण्यापूर्वी दुसरा चढविला तर दोन्ही गळून पडतात. तसेच हे होय.

परदेशस्थ कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावा असा एक प्रयोग अमेरिकेतील बाह्रिक कुटुंबाने केला आणि १९९३ साली प्रसिद्ध केला. मानसशास्त्रज्ञ वडील, आई व दोन मुली अशा चौघांनी परभाषेतील शब्द स्वतः शिकून अनेक वर्षे स्वतःची परीक्षा घेतली. काही शब्दांची उजळणी १४ दिवसांच्या अंतराने केली, काहींची २८, तर काहींची ५६ दिवसांनी. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ बैठकांनी जेवढे टिकले, तेवढे टिकविण्यासाठी १४ दिवसांच्या अंतराच्या २६ बैठका लागल्या. शिकताना मात्र लांब अंतराचा मार्ग अधिक अवघड वाटे, कारण मध्यंतरी बरेच विसरले जाई. ती अडचणच उपयोगी ठरली. विसरू लागलेले प्रयत्नपूर्वक आठवावे लागते, आणि त्या प्रयत्नाने स्मृती दृढ होते.

अंतर किती असावे? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, आठवड्याने परीक्षा असेल तर सुमारे एका दिवसाचे अंतर उत्तम. जवळजवळ वर्षभर टिकवावयाचे असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे.

हा मार्ग आपल्याला परका नाही. भगवान बुद्धांचा उपदेश शतकानुशतके ग्रंथावाचून भिक्खूंच्या कंठात सुरक्षित राहिला. उपोसथाच्या दिवशी, म्हणजे दर पंधरवड्याला, भिक्खुसंघ एकत्र जमून पातिमोक्खाचे पठण करतो. थेरवाद परंपरेतील ते २२७ नियम एकाने मुखोद्गत म्हणावयाचे आणि इतरांनी लक्षपूर्वक ऐकावयाचे. येथे उजळणीचे अंतर ठरलेले आहे, पुस्तकाविना आठवणे आहे, आणि चूक झाल्यास सुधारणारा संघही आहे. स्मृती टिकविणाऱ्या तिन्ही गोष्टी त्यात आल्या.

आता थोडा नाजूक विषय. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. त्यांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रात ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. विद्यार्थिदशेत मीही त्यात बसलो आहे. त्या दिवशी मनाला जी उभारी मिळाली ती आजही स्मरते. मात्र त्या दिवशी काय वाचले, ते मला आठवत नाही. ज्या मुलांना घरात दिवा नव्हता, त्यांना अठरा तास पुस्तकासमोर बसविणारा हा उपक्रम मी कदापि कमी लेखणार नाही. अभिवादन म्हणून तो थोर आहे. पण बाबासाहेबांचा अभ्यास एका दिवसाचा नव्हता. कोलंबिया विद्यापीठातील १९१३ ते १९१६ या वर्षांपासून अखेरपर्यंत तो चालला. आपण तासांचा आकडा उचलला आणि वर्षे विसरलो. अठरा तासांचे वीस-वीस मिनिटांचे ५४ भाग होतात, आणि वर्षात रविवार असतात ५२. त्याच अठरा तासांत, दर रविवारी वीस मिनिटे दिली, तर आपल्या मुलांची मराठी वर्षभर जिवंत राहील.

यासाठी चार सूचना करतो. नवा धडा शिकल्यावर दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी आणि पुढे दोन महिन्यांनी त्याची उजळणी करावी. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. पुस्तक मिटून आठवावे, लिहावे, मग ताडून पाहावे. चुकल्यास रागावू नये. आणि प्रगती मंद वाटली तरी पद्धत सोडू नये, कारण एका रात्रीच्या घोकंपट्टीने येणारा आत्मविश्वास फसवा असतो. पीएसएलईच्या तयारीलाही हेच लागू आहे. आम्हा डॉक्टरांनाही यातून सूट नाही : बंद पडलेले हृदय सुरू करण्याचे कौशल्य काही महिन्यांतच ढिले पडते, म्हणून त्याचा थोडा थोडा सराव अंतराने पुन्हा करावा, अशी आता शिफारस आहे.

नागपूरहून परतल्यावर आम्ही पंधरा दिवसांचा धडाका बंद केला. दर रविवारी फोनवर आजीशी वीस मिनिटे, आणि दर पौर्णिमेला तिला एक पत्र, एवढाच नेम ठेवला. पुष्कळदा कंटाळा आला, काही पौर्णिमा हुकल्याही. पण नेम मोडला नाही. चार वर्षांनी आईची दृष्टी मंदावली, तेव्हा तिला तिचीच जुनी पत्रे नातीने वाचून दाखविली. जोडाक्षरांपाशी ती अडखळत होती आणि आई सांगत होती. आज आई नाही. ती पत्रे मुलगी अजूनही वाचू शकते.

ज्या घरांत मराठी मागे पडली असेल, त्यांनी निराश होऊ नये. विसरलेले पुन्हा शिकणे सोपे असते. येत्या रविवारी वीस मिनिटे काढा, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा काढा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जयभीम. नमो बुद्धाय.