'संप' म्हणजे काय?



आम्ही कोणी शब्दपंडित नव्हे. आमचे शिक्षण बव्हंशी कारखान्यांच्या द्वारसभांत आणि रद्दीच्या दुकानांतून आणलेल्या पुस्तकांवर झाले. पण ज्या शब्दापायी उमेदीची वर्षे गेली, त्याचे कूळ विचारण्याचा हक्क आम्हांस आहे.

काम 'संपले' म्हणून 'संप', असे पुष्कळांस वाटते. मालकवर्गाला ही व्युत्पत्ती फारच आवडेल! पण गुजरातीत 'संप' म्हणजे आजही एकोपा. 'संप त्यां जंप' अशी तिकडे म्हणच आहे. जेथे एकी तेथे स्वस्थता. मराठीतही पूर्वी या शब्दाचा अर्थ एकी, संगनमत असाच होता. पुढे मिळून काम थांबविण्यालाच तो चिकटला. गुजराती माणूस मात्र त्याला 'हडताळ' म्हणतो, हाटाला ताळे. आमच्या 'हरताळा'त आणखी एक घोटाळा आहे. त्या नावाची पिवळी पूडही असते. पोथीतले चुकलेले अक्षर तिने झाकीत, म्हणून वचनाला हरताळ फासणे. दोहोंचे मूळ निराळे. पण कराराला हा दुसरा हरताळ फासला गेला, की पहिल्याची वेळ येतेच.

इंग्रजांचा 'स्ट्राइक' खलाशांचा. 1768 साली लंडनच्या बंदरात वेतनासाठी त्यांनी जहाजांची शिडे उतरविली. त्या उतरविण्याला हा शब्द होता. स्पॅनिश 'उएल्गा' विसाव्यावरून आला. फ्रेंच 'ग्रेव्ह' आम्हांस फार हलवितो. पॅरिसमध्ये सीन नदीकाठी ग्रेव्ह नावाचा चौक होता. बेकार मजूर काम मिळेल या आशेने तेथे उभे राहत. जेथे काम मागायचे, त्याच जागेचे नाव काम नाकारण्याला मिळाले! बंगालीत 'धर्मघट', धर्माच्या नावाने घट मांडून घेतलेली शपथ. तो शब्द आमच्या संपाचा जवळचा भाऊबंद. बाकीचे सांगतात काय थांबले, कोठे थांबले. हे दोन सांगतात थांबण्यापूर्वी काय जुळले.

म्हणूनच मराठीत संप 'फुटतो'. यंत्रे सुरू होण्यापूर्वी माणसे फुटलेली असतात. मुंबईच्या गिरण्यांचा 18 जानेवारी 1982 चा संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. माणसे एकेक करून पांगली.

कायद्यालाही हे मूळ चुकविता आलेले नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच. एकट्याने घेतली तर ती नुसती रजा!