रात्रीचे विमान आणि उचल

(भोकरदन येथील व्यवसाय मार्गदर्शन मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने आधी गावाचे गुणगान करावे, अशी रीत आहे. भोकरदनच्या बाबतीत ती पाळायला कष्ट पडत नाहीत. हेच जुने भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. इथल्या उत्खननात निघालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि 1938 साली इटलीत पाँपेईला सापडलेली मूर्ती, यांचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. दान देणाऱ्यांची नावे राहिली. माल घेऊन घाट उतरणाऱ्या तांडेवाल्यांची कुठेच नाहीत. मी त्या तांडेवाल्यांच्या जातकुळीतला. नोकरीची बहुतेक वर्षे रात्रीच्या विमानातून माल वाहिला.

सकाळी एका शिक्षकांनी विचारले, "सर, प्रवासी विमानात नंबर लागत नसेल तर पोरांनी कार्गोत जावे का? तिथे माणसे नसतात, म्हणजे जबाबदारी कमी." ही समजूत आधी काढून टाकतो. बैलगाडीत कडबा मागे जास्त पडला की गाडी उलाळ होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. विमानाचेही तेच. 29 एप्रिल 2013 रोजी अफगाणिस्तानातल्या बगराम तळावरून अमेरिकन सैन्याच्या कंत्राटावरचे एक बोईंग 747 उडाले. पोटात पाच अवजड चिलखती गाड्या. उडताना पट्टे सुटले, गाडी मागे सरकली, विमान उलाळ झाले आणि धावपट्टीच्या टोकाशी कोसळले. सातही जण गेले. प्रवासी पट्टा बांधा म्हटले की बांधतो. खोके ऐकत नाही. म्हणून रात्री एक वाजता, पावसात, हातात बॅटरी घेऊन जाळीची प्रत्येक कडी बघणारा वैमानिकच या धंद्यात टिकतो.

आता नोकरीचे. कंत्राटी मालवाहतुकीत विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा एका कंपनीचे. माल, आणि बहुतेक वेळा इंधनही, दुसऱ्याचे. आपला पगार पहिली कंपनी देते, पण आपली नोकरी दुसरीच्या हातात असते. सगळी मेख इथे आहे.

ही पद्धत आजची नव्हे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला आले ते प्रवासी घेऊन नव्हे, सरकारी कराराची टपाल घेऊन. पुढे 1949 मध्ये रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्री आपल्या नागपुरात एकत्र यायची, पोत्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ज्याची त्याची टपाल ज्याच्या त्याच्या गावी. काम खासगी कंपन्यांकडे दिलेले. देशाचे मधले ठिकाण म्हणून तेच नागपूर 2009 मध्ये कॅप्टन गोपीनाथांनी डेक्कन 360 या मालवाहू सेवेसाठी निवडले. हिशेब चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण विमाने रोज भरतील एवढा माल बांधलेला नव्हता, आणि 2011 मध्ये ती सेवा थांबली. तिकडे अमेरिकेत छोट्या विमानांतून रात्रभर बँकांचे चेक वाहणारे शेकडो वैमानिक होते. 2004 पासून चेकच्या छायाप्रतीला मूळ चेकची कायदेशीर मान्यता मिळाली आणि ते काम विरघळून गेले. त्या वैमानिकांचे उडण्यात काहीच चुकले नव्हते.

आजचे आकडे फार नाहीत. आपल्याकडे सर्वांत जुनी टिकलेली मालवाहू कंपनी ब्लू डार्ट एव्हिएशन. तिचा ताफा आठेक विमानांचा. एका विमानाला पाच-सहा जोड्या लागतात. म्हणजे सगळे मिळून शंभराच्या घरात वैमानिक, आणि ते सहसा जागा सोडत नाहीत. क्विकजेटने जानेवारी 2023 मध्ये हैदराबादहून ॲमेझॉनसाठी उड्डाणे सुरू केली, तीही दोन विमानांनी. उलट प्रवासी वाहतुकीत एकट्या इंडिगोकडे चारशेवर विमाने आहेत. दुसरी बाजूही सांगतो: मार्च 2020 मध्ये प्रवासी विमाने जमिनीवर आली तेव्हा आम्ही मालवाहूवाले उडतच होतो. ते दोन महिने आमच्या घरच्यांना अभिमानाचे आणि काळजीचेही गेले.

परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो. मग विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, त्याचे वेगळे पैसे. ते कंपनीने भरले तर बाँड. आपल्या मराठवाड्यात बाँड समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्याला मुकादम देतो तीच उचल. फरक इतकाच, की इथे उचल इंग्रजीत असते आणि सही गणवेशात होते. मी तरुणपणी अशी सही केली. ज्या बड्या गिऱ्हाइकाच्या मालावर आमची कंपनी उभी होती, त्याने अकराव्या महिन्यात करार मोडला. पगार थांबला, विमाने उभी राहिली. बाँडची वसुली मात्र थांबली नाही. वडिलांनी विहिरीजवळचे दोन एकर काढले. कंपनीचे नाव सांगत नाही, आता ती कागदावरही नाही.

झोपेविषयी एकच सांगतो. अमेरिकेत 2014 पासून प्रवासी वैमानिकांना विश्रांतीचे कडक नियम लागू झाले. मालवाहू वैमानिकांना त्यातून वगळले. कारण खर्चाचे दिले गेले. रात्र मात्र दोघांची सारखीच लांब असते. आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून रात्री मिरचीचा ट्रक घेऊन निघणाऱ्या ड्रायव्हरला हे शिकवावे लागत नाही.

मग जायचे की नाही? जा. पण तिथे सोपे म्हणून नव्हे, आणि इकडे नंबर लागला नाही म्हणूनही नव्हे. कंपनीची जाहिरात आली की पगाराआधी तीन गोष्टी विचारा: माल कोणाचा, करार किती वर्षांचा, आणि करार तुटला तर बाँडचे काय? आणि पालकहो, फ्लाइंग स्कूलला पैसे भरण्याआधी पोराची वर्ग दोनची आणि मग वर्ग एकची वैद्यकीय तपासणी करून घ्या. सातबारा त्यानंतर बाहेर काढा.

कोणी बाँडचा कागद बरोबर आणला असेल तर जेवण झाल्यावर घेऊन या. चारपर्यंत मी याच मांडवात आहे.