निकाहनामा, मेहेर आणि मन

(बंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



शाहबानो खटल्याची टिपणे आपल्यापैकी बहुतेकांनी काढली असतील. मी मात्र सुरुवात करणार आहे ती याच शहरातील, त्याहून पुष्कळ कमी परिचित अशा एका दाव्यापासून. १९९१ साली बंगळुरूतील एका मुस्लीम विवाहितेला लग्नानंतर काही महिन्यांतच पतीने तलाक दिला. मेहेरची रक्कम होती ५,००० रुपये. पतीने पुढे दुसरा विवाह केला, त्याला अपत्य झाले. या स्त्रीने पोटगीसाठी दिवाणी दावा दाखल केला तो २००२ मध्ये, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी. कौटुंबिक न्यायालयाने २०११ मध्ये दरमहा ३,००० रुपये मंजूर केले. त्याविरुद्ध पतीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये फेटाळली आणि त्याच्यावर २५,००० रुपयांचा खर्चही बसवला. तलाकपासून या निकालापर्यंत तीस वर्षे गेली.

निकाह हा करार आहे, हिंदू विवाहाप्रमाणे संस्कार नव्हे, हे वाक्य आपण पाठ केलेले असते. उच्च न्यायालयाने ते मान्य केलेच. परंतु या कराराला अर्थाच्या अनेक छटा आहेत आणि विवाह संपला म्हणून त्यातून निर्माण झालेली सगळीच कर्तव्ये संपत नाहीत, असेही स्पष्ट केले. निराधार घटस्फोटितेच्या निर्वाहाची तरतूद करणे हे श्रद्धावान मुस्लिमाचे कर्तव्य आहे, हे सांगताना न्यायालयाने कुराणाचा आधार घेतला. तिचा हक्क श्रद्धेच्या बाहेर जाऊनच शोधावा लागतो असे नाही, हे या निकालातून दिसते.

उत्तरपत्रिकेत आपण बहुधा ‘धर्म विरुद्ध स्त्रीचे अधिकार’ अशी मांडणी करतो. ती लिहायला सोपी आहे, पण मला ती अपुरी वाटते. मुस्लीम स्त्रीच्या आयुष्यात प्रेम आणि श्रद्धा यांचे वैर असतेच असे नाही. प्रश्न असा असतो की, श्रद्धेच्या नावाने तिच्या आयुष्याचा निर्णय कोण घेतो? पिता, पती, की जमातीचे प्रमुख? (हा प्रश्न इतर समाजांतील स्त्रियांना लागू नाही, असे मानण्याचे मुळीच कारण नाही.)

न्यायालयीन कागदपत्रांत तारखा आणि रकमा असतात. तलाकनंतरच्या वर्षांत माहेरच्या उंबरठ्याआड काय घडते, ते समजून घेण्यासाठी साहित्याकडे वळावे लागते. या बाबतीत बंगळुरूचे ऋण मोठे आहे. पी. लंकेश यांनी १९८० मध्ये येथून ‘लंकेश पत्रिके’ हे कन्नड साप्ताहिक सुरू केले आणि ज्यांच्या लेखनाला अन्यत्र सहज जागा मिळाली नसती, अशा अनेकांना त्याने लिहिते केले. कासरगोड येथे १९३६ साली जन्मलेल्या सारा अबूबकर त्यांपैकी एक. त्यांच्या भागातील मुस्लीम मुलींमध्ये शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्या पहिल्या काही जणींत त्यांची गणना होते. ‘चंद्रगिरिय तीरदल्लि’, म्हणजे चंद्रगिरीच्या तीरावर, ही त्यांची कादंबरी या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली.

या कादंबरीतील नादिरा आणि रशीद यांच्यात बेबनाव नाही. त्यांचे एकमेकांवर प्रेम आहे, घरात मूल आहे. तेढ आहे ती सासरा आणि जावई यांच्यात. पिता मुलीला माहेरी आणून ठेवतो आणि तिच्या मनाविरुद्ध तलाक घडवून आणतो. पुढे दोघांनाही पुन्हा एकत्र यायचे असते, तेव्हा हलालाची अट आड येते: आधी दुसऱ्या पुरुषाशी निकाह, त्याच्याकडून तलाक, मगच पहिला पती. नादिरेचा शेवट मशिदीच्या तळ्यात होतो. मशिदीशेजारचे ते पाणी मला फार बोलके वाटते. नादिरेने श्रद्धेकडे पाठ फिरवलेली नसते. श्रद्धेच्या दारातच तिला वाट सापडत नाही. सारा अबूबकर यांचे जानेवारी २०२३ मध्ये निधन झाले. हलाला आणि बहुपत्नीत्व यांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात २०१८ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर सुमारे साडेतीन दशकांनी, दाखल झाल्या.

याच साप्ताहिकासाठी बातमीदारी केलेल्या दुसऱ्या लेखिका म्हणजे हासनच्या बानू मुश्ताक. आठव्या वर्षी त्यांना शिवमोग्याच्या कन्नड शाळेत प्रवेश मिळाला तो सहा महिन्यांत कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे या अटीवर. सव्विसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या पसंतीने विवाह केला. प्रेमविवाह झाला म्हणून सारे सुरळीत झाले नाही. बुरखा आणि घरकाम एवढेच विश्व उरले, बाळंतपणानंतर तीव्र नैराश्याने ग्रासले आणि निराशेच्या एका क्षणी त्यांनी स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला, हे त्यांनी मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले आहे. त्या वेळी पतीने त्यांना आवरले आणि तान्हे मूल त्यांच्या पायांशी ठेवून आम्हाला सोडून जाऊ नकोस, अशी विनवणी केली. पुढे त्या वकील झाल्या. मशिदीत स्त्रियांना प्रवेश असावा, अशी भूमिका घेतल्याबद्दल २००० साली त्यांच्या कुटुंबावर तीन महिने सामाजिक बहिष्कार आला, एकाने त्यांच्यावर चाकूहल्ल्याचाही प्रयत्न केला. तो पतीनेच रोखला. कुटुंब स्त्रीला कोंडते आणि कुटुंबच तिला सावरते. या दोन्ही गोष्टी एकाच घरात घडू शकतात, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. त्यांच्या १२ कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या संग्रहाला दीपा भास्ती यांच्या अनुवादासाठी मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारी कन्नडमधील ही पहिलीच साहित्यकृती होय.

आपण मराठी भाषक. तेव्हा या परंपरेचा आपल्याकडील धागाही ठाऊक हवा. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लीम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. एकतर्फी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांना त्यांचा विरोध होता. संख्या अवघी सात, पण घराबाहेर पडून आपले गाऱ्हाणे शासनापुढे मांडणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मोर्चात सहभागी असलेल्या मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन आपण अभ्यासातून थोडा वेळ काढून जरूर वाचावे.

कायद्याचा क्रम आपल्याला पाठ असेलच, म्हणून भरभर सांगतो. १९३९ च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्याने पत्नीला न्यायालयामार्फत विवाह संपवण्याचा अधिकार दिला. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे निर्वाहाची तरतूद न करणे, क्रूरता अशी कारणे त्यात आहेत. १९८५ चा शाहबानो निकाल, १९८६ चा कायदा आणि त्याचा स्त्रियांच्या बाजूने अर्थ लावणारा २००१ चा डॅनियल लतीफी निकाल हे एकत्र वाचावेत. २२ ऑगस्ट २०१७ रोजी घटनापीठाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने तत्काळ तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मुस्लीम घटस्फोटितेलाही पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. १९६६ च्या मोर्चापासून २०१७ च्या निकालापर्यंत ५१ वर्षे लोटली, एवढे मात्र टिपून ठेवा.

शेवटी बानू मुश्ताक यांच्या ‘करी नागरगळु’ या कथेविषयी. गिरीश कासरवळ्ळी यांनी तिच्यावर ‘हसीना’ हा चित्रपट केला आणि त्यातील भूमिकेसाठी अभिनेत्री तारा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलीच झाल्या म्हणून पतीने टाकलेली एक आई आजारी तान्हुलीला घेऊन न्याय मागण्यासाठी मशिदीच्या आवारात येऊन बसते. धर्माने तुला कोणते हक्क दिले आहेत, हे तिला एका शिकलेल्या बाईने समजावून सांगितलेले असते. ती दानधर्म मागत नाही, हक्क मागते. मुतवल्ली तिच्याकडे दुर्लक्ष करतो आणि ते मूल दगावते. त्यानंतर वस्तीतल्या बायका मुतवल्लीला शिव्याशाप देऊ लागतात. तो घरी परततो, तेव्हा बाळंतपणांनी थकलेली त्याची स्वतःची पत्नी त्याची परवानगी न मागता शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी इस्पितळाकडे निघालेली असते.